‘ब’खालची रेघ

आमच्या कारखान्यात मोटारींची छपरं तयार होतात. पत्र्याची नव्हे, कार्बन फायबरची. काळं, चकचकीत, जवळून पाहिलं तर विणलेलं कापड दिसावं असं हे छप्पर पत्र्याच्या छपरापेक्षा इतकं हलकं असतं की एकटा माणूस ते बगलेत मारून घेऊन जाऊ शकतो. पण ते कापड महाग. माझी सगळी नोकरी कॉस्टिंग विभागात गेली. हे कापड पहिल्यांदा आलं तेव्हा त्याचा भाव वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला होता.

शर्यतीच्या गाड्यांना असलं कापड परवडतं. रोज कामावर जाण्या-येण्याच्या गाडीला ते परवडायचं, तर जागोजागी हात आखडता घ्यावा लागतो. जिथे जोर येतो तिथेच कार्बन वापरायचं, खालची चौकट काचेच्या धाग्यांची करायची. कापताना पडलेल्या चिंध्या फेकायच्या नाहीत, त्यांचे छोटे भाग दाबायचे. गरम प्रेसमध्ये छप्पर जितका कमी वेळ बसेल तितकं बरं. आणि तपासणी स्वस्तात उरकायची. टिचकीमामांची गाठ पडली ती या तपासणीपायी.

छपराचे दोन भाग असतात. वरचं कार्बनचं पान आणि खालची चौकट. दोन्ही गोंदाने चिकटवून प्रेसमध्ये दाबतात. मध्ये कुठे हवा राहिली किंवा गोंद नीट धरला नाही, तरी वरून काहीच दिसत नाही. लकाकी तीच, विणही तीच. आतलं दाखवणारं मशीन आमच्याकडे आहे, पण ते एकच आहे आणि फार सावकाश चालतं. प्रत्येक छप्पर त्यावर घातलं असतं, तर ते गाडीवर न बसवता तिजोरीत ठेवायची वेळ आली असती. म्हणून आधी कान आणि मग मशीन अशी पद्धत बसवलेली होती. माणसाने पितळी हातोडीने छप्पर हळूहळू ठोकत जायचं. आत सगळं धरलेलं असेल तर आवाज खणखणीत येतो, पोकळी असेल तर बद्द. तडा गेलेलं मडकं कसं वाजतं, तसं.

चांगल्या छपरावर खडूने ‘ख’ लिहायचं. संशयित छपरावर ‘ब’. ‘ख’ थेट पॅकिंगला जाई. ‘ब’ मशीनवर जाई, आणि एकदा लिहिलेला ‘ब’ मशीनची तपासणी झाल्याशिवाय कोणीही पुसायचा नाही, मोठ्या साहेबांनीसुद्धा नाही, असा कडक नियम होता. मशीनने दोष नाही म्हटलं तर ‘ब’ पुसायचा. दोष सगळीकडे असला तर ‘ब’ला गोल करायचा, म्हणजे ते छप्पर भंगारात. आणि दोष एखाद्या कोपऱ्यात असला तर ‘ब’खाली रेघ. रेघ म्हणजे तेवढा भाग कापून टाका, उरलेल्यातून आरशाच्या पट्ट्या नाहीतर ब्रॅकेट काढा. ही रेघ कॉस्टिंग विभागाने सुचवली होती, आणि महागाचं कापड त्यामुळे बरंच वाचत होतं.

ख आणि ब लिहिणारा माणूस म्हणजे टिचकीमामा.

मामा मूळचे गॅरेजमधले डेंटर. चेपलेला पत्रा आतून-बाहेरून ठोकून सरळ करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पुढे जुन्या गाड्या घेणारी माणसं त्यांना सोबत नेऊ लागली. मामा गाडीला फेरी मारत आणि दारावर, बॉनेटवर नखाने टिचकी मारत. रंगाखाली पत्रा आहे की पुट्टी भरून खड्डा झाकलाय, हे त्यांना आवाजावरून कळायचं. आमच्या क्वालिटीच्या मॅडम स्वतःसाठी जुनी गाडी घ्यायला गेल्या असताना हा माणूस त्यांना म्हणाला, "ताई, घ्या खुशाल, पण हा दरवाजा या गाडीचा नाही." विकणाऱ्याचा चेहरा पाहून मॅडमनी ती गाडी घेतली नाही. माणूस मात्र घेतला.

कारखान्यात त्यांना एक वेगळी खोली मिळाली. भिंतींना आवाज शोषणारा जाड नमदा, दार घट्ट लागणारं. आम्ही तिला टिचकीखोली म्हणायचो. मामा आपल्या कानांना फार जपत. बसमध्ये, रस्त्यावर, प्रेसच्या खात्यातून जाताना त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे असत. खोलीत शिरले की बोळे काढून एका गोल डबीत ठेवायचे आणि दार लावायचे. लग्नकार्यात गाणी लागली की हा माणूस जेवायच्या आधी घरी. "पोटाचं साधन आहे हो," असं म्हणायचे. साहजिकच कोणी हाक मारली आणि मामांनी वळून पाहिलं नाही, तर कोणाला राग येत नसे. लोक समोर जाऊन हातवारे करत.

प्रेसवर काम करणारा एक थट्टेखोर गडी होता. तो एकदा जेवणाच्या सुट्टीत मामांसमोर बसून म्हणाला, "मामा, खरं सांगा, हा कापूस मामींचं ऐकायला लागू नये म्हणून ना?"

"तिचं ऐकायला कान लागत नाहीत," मामा म्हणाले. "ती बघते, त्यातच सगळं येतं."

सगळे हसले. मीही हसलो. मामा मला हिशेबराव म्हणत, आणि आम्ही दोघे संध्याकाळी एकाच रस्त्याने घरी जात असू. वाटेत बोलणं मीच करी. ते माझ्या तोंडाकडे बघत ऐकत. इतकं मन लावून ऐकणारा माणूस मला दुसरा भेटला नाही, असं मी घरी सांगत असे.

मग गाडीवाल्या कंपनीने छपराचा भाव आणखी खाली मागितला. मोठ्या साहेबांनी प्रेसचा वेळ कमी केला. मॅडमचा त्याला विरोध होता. गोंद पुरता धरायच्या आत छप्पर बाहेर निघेल, ‘ब’ वाढतील, मशीनपुढे रांग लागेल आणि वाचलेलं सगळं तिथेच जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. मलाही ते पटत होतं.

‘ब’ वाढले नाहीत. उलट कमी झाले, महिन्यामागून महिना कमी होत गेले. छपराची किंमत अशी उतरली की आमच्या विभागातला आलेख उतरणीसारखा दिसू लागला. मॅडमनी मोकळेपणाने मान्य केलं की आपला अंदाज चुकला. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये जमवून सत्कार ठेवला आणि मामांच्या हाती एक भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ दिलं. तासागणिक आधी सूर वाजवून मग ठोके देणारं.

साहेबांनी माइकवर विचारलं, "मामा, या यशाचं रहस्य काय?"

मामा माइककडे वाकून म्हणाले, "ती पण बरी आहे, पडदे शिवते."

कॅन्टीन डोक्यावर घेतलं लोकांनी. मामाही हसले. मामांचा विनोद म्हणून तो बरेच दिवस सांगितला जात होता.

घड्याळ मात्र भिंतीवर चढेना. मामा म्हणाले, "हिशेबराव, रविवारी या तुम्ही. ही म्हणते भिंतीला भोक नको. पाहुण्यासमोर तिला नाही म्हणता येणार नाही."

त्यांचं घर टायरच्या एका दुकानावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मामींचं शिलाई मशीन, पलंगावर कोणाच्या तरी हॉलचे हिरवे पडदे पसरलेले. मी गेलो तेव्हा मामांनी कानातले बोळे काढून डबीत घातले आणि डबी फळीवर ठेवली. घरात ते मोकळ्या कानांनी वावरत.

"राहू द्या ना भाऊजी," मामी मला म्हणाल्या. "भिंत ठिसूळ आहे."

"भिंतीला काही झालेलं नाही," मामा म्हणाले. "हट्ट हिचाच."

मी स्टुलावर चढलो, खिळा ठोकला, घड्याळ टांगलं. सेल घातला आणि मनगटावरच्या घड्याळात बघून काटे फिरवले. तास भरतच आला होता. मामा माझ्याकडे पाठ करून पलंगावरचे पडदे गोळा करत होते आणि साहेबांच्या भाषणाची नक्कल करत होते. तेवढ्यात घड्याळ वाजलं. आधी सूर, मग ठोके. त्या एवढ्याशा खोलीत ते शाळेच्या घंटेसारखं घणघणलं. मामींचं मशीन थांबलं. मी दचकून स्टुलावर तोल सावरला.

मामा बोलतच होते. "साहेब मला म्हणाले, ठोके गोड आहेत. बघू, वाजेल तेव्हा कळेल."

ठोके अजून पडत होते.

मला वाटलं थट्टा चाललीय. आता वळून हसतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. शेवटचा ठोका पडला. मामांनी पडद्यांची घडी पलंगाच्या पायथ्याशी ठेवली, वळले आणि माझा चेहरा पाहून म्हणाले, "काय झालं? सेल उलटा बसला का?"

"नाही मामा," मी म्हणालो. "बरोबर बसलाय."

त्यांनी मान डोलावली आणि चहा टाकायला आत गेले. रविवारचा चहा त्यांच्याकडे होता.

मी खाली कसा उतरलो ते आठवत नाही. मामी माझ्याकडे बघत होत्या. खिळ्याची आणि भिंतीची भीती त्यांना का होती, ते त्या बघण्यातच आलं.

"केव्हापासून?" मी विचारलं. आवाज खाली आणायची गरज नव्हती, तरी आणला.

"थोडं थोडं करत गेलं. आधी खिडकीतली पाखरं गेली. मग कुकरची शिटी. मग हे माझं मशीन. जाड आवाज कळतो, जवळून बोललेलं कळतं. बाकीचं तोंडाकडे बघून भागवतात."

"त्यांना माहीत आहे?"

"माहीत नाही असं त्यांनी ठरवलंय."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू, भाऊजी? दुसऱ्याची पदवी भिंतीवर टांगलेली असते, यांची कानात." त्यांनी पडद्याच्या कडेची टाचणी काढली आणि पुन्हा तिथेच टोचली. "आणि कारखान्यात ते एवढं मोठं मशीन आहे ना? शेवटी सगळं तेच बघतं. हे आपले आधी ठोकतात, मानाचं काम म्हणून. मी म्हटलं, कोणाचं काय बिघडतंय? निवृत्त होईपर्यंत जाऊ दे."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. कारखान्यात ‘ख’ लिहिलं की पुढे काय होतं, हे मला पाठ होतं. तो लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही, हे त्यांना पाठ होतं. एवढी वर्षं आम्ही एकमेकांना चहा पाजला होता, आणि अर्धी अर्धी गोष्ट आपापल्या घरी ठेवली होती.

"मामी," मी म्हणालो, "मशीनवर सगळी छपरं जात नाहीत. मामा ‘ब’ लिहितात तेवढीच जातात."

"आणि बाकीची?"

"त्यांच्यावर ‘ख’ असतो. ती थेट पॅकिंगला."

"मध्ये कोणी बघत नाही?"

"कोणी नाही."

"मग ते छप्पर गाडीवर बसतं."

"बसतं."

"आणि ती गाडी पळते," मामी म्हणाल्या. त्यांचा चेहरा हळूहळू असा पांढरा पडत गेला की मी पाण्यासाठी इकडेतिकडे पाहू लागलो. मला ‘ब’चा आलेख आठवला. प्रेसचा वेळ कमी झाला, गोंद कमी धरू लागला, आणि ‘ब’ कमी झाले. मॅडमचा अंदाज चुकलाच नव्हता.

मामा ट्रे घेऊन आले. मामी उठल्या, त्यांच्या हातून ट्रे घेऊन बाजूला ठेवला आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाल्या, "खुर्चीत बसा. भिंतीकडे तोंड करून."

"परीक्षा आहे का?"

"हो."

मामांनी माझ्याकडे बघून डोळा मारला आणि बसले. मामींनी फळीवरून दोन कप घेतले. एक रोजच्या वापरातला, दुसरा तडा गेलेला, त्यात त्या बटणं ठेवत. बटणं त्यांनी पलंगावर ओतली. दोन्ही कप मामांच्या डोळ्यांसमोर धरले. "एक चांगला, एक तडकलेला. मी वाजवते. कोणता ते सांगायचं."

"एवढंच?" मामा म्हणाले. "हिशेबराव, बघा आता."

मामी खुर्चीमागे गेल्या. बोटात शिवणाचा अंगुस्ताना होता, त्यानेच त्यांनी चांगला कप वाजवला. लख्ख आवाज आला. मग तडकलेला वाजवला. तो बद्द वाजला. पुन्हा चांगला. मामा टिचकीखोलीत बसत तसे ताठ बसले होते, मान एका बाजूला कललेली, तर्जनी वर केलेली. मामींनी पुन्हा एकदा, जोरात, तडकलेला कप वाजवला.

मामा म्हणाले, "मार की. वाट कसली बघतेस?"

खाली दुकानात कोणीतरी टायर आपटत होतं. मामींचा हात हवेत तसाच राहिला होता. मग त्या खुर्चीला वळसा घालून मामांच्या समोर आल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी कपावर अंगुस्ताना मारला. आणखी एकदा मारला. अंगुस्ताना कपाला टेकतोय, हे मामांना दिसत होतं.

त्यांनी तो कप मामींच्या हातून ओढून घेतला. डाव्या हातात धरून उजव्या हाताच्या नखाने टिचकी मारली. "तडकलेला," ते लगेच म्हणाले. दुसरा घेतला. "हा चांगला. कळतंय की. बरोबर कळतंय." त्यांचा आवाज चढला होता. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी कप मेजावर ठेवला, डावा हात काढून घेतला आणि टिचकी मारली. थांबले. पुन्हा मारली. हात लावून एकदा, हात काढून एकदा, असं बराच वेळ चाललं होतं.

"हाताला कळतंय," शेवटी ते म्हणाले. "कानाला नाही."

मामी त्यांच्या पायाशी खाली बसल्या.

"हिशेबराव," मामा माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "छप्पर ठोकताना माझा डावा हात कुठे असतो?"

मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं. "कडेला."

"कडेला," ते म्हणाले. "म्हणजे कडेचं मला कळत होतं. मधलं..."

चहा तसाच गार झाला.

मी रात्रभर ठरवत होतो की सकाळी मॅडमना कसं सांगायचं, सुरुवात कुठून करायची. मी कारखान्यात पोहोचलो तेव्हा पॅकिंगच्या खात्यात गर्दी दिसली. मामा टिचकीखोलीत गेलेच नव्हते. कानांत बोळे नव्हते. छपरं भरून निघालेल्या ट्रकच्या मागच्या फळीला पाठ लावून ते उभे होते.

"छपरं उतरवा," ते म्हणत होते.

"अहो मामा, सगळ्यांवर ‘ख’ आहे," पॅकिंगचा मुकादम त्यांना हाताने दाखवत होता. "हे बघा. हे बघा."

"तो ‘ख’ कोणी लिहिला?"

"तुम्हीच लिहिलाय."

मामांनी खिशातून खडू काढला आणि आपल्या निळ्या एप्रनवर, छातीवर, मोठा ‘ब’ लिहिला.

प्रेसवाला गडी पुढे सरसावला होता, काहीतरी थट्टा त्याच्या ओठांवर आलीच होती. ती तिथेच राहिली. ‘ब’ लिहिलेली वस्तू पुढे जात नाही, ती आधी मशीनवर जाते, हा नियम त्या खात्यातल्या प्रत्येकाच्या हाडीमासी खिळलेला होता. मुकादमाने एकदा मामांच्या छातीकडे पाहिलं, एकदा ट्रकमधल्या ‘ख’ लिहिलेल्या छपरांकडे पाहिलं, आणि जाऊन ड्रायव्हरकडून किल्ली घेतली.

मॅडम धावत आल्या. "मामा, हे काय चालवलंय?"

मामांनी त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं. "मॅडम, मला ऐकू येत नाही. कधीपासून ते विचारू नका, मलाच माहीत नाही. ‘ब’ पुसायचा तर आधी तपासणी, हा नियम तुमचाच."

मॅडम माझ्याकडे वळल्या. मी काल संध्याकाळी पाहिलेलं सांगितलं, घड्याळ आणि कप. त्या तिथल्याच एका लाकडी खोक्यावर बसल्या.

त्यानंतर गोदामातलं एकूण एक छप्पर मशीनवर गेलं. कारखाना त्या एका मशीनच्या चालीने चालू लागला, म्हणजे जवळजवळ थांबलाच. बरीचशी छपरं चांगली निघाली. पण मधूनमधून एखाद्याच्या बरोबर मध्यावर तळहाताएवढी पोकळी दिसायची, आणि मशीनच्या पडद्यापुढे उभे असलेले आम्ही एकमेकांकडे पाहायचं टाळायचो. कडेला दोष असलेलं एकही छप्पर त्यात सापडलं नाही. कडेची सगळी मामांच्या डाव्या हाताने आधीच पकडली होती. रस्त्यावर गेलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कोणाला इजा झाली नव्हती. तरी एक छप्पर असं परत आलं की त्याच्या मध्ये बोटाने दाबलं तर वरचं पान आत जायचं आणि सोडलं की टप्पकन वर यायचं. मी दाबून पाहिलं. तो टप्प आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

प्रेसचा वेळ पुन्हा पहिल्यासारखा झाला. छपराची किंमत प्रेसमुळे उतरली असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यातला मोठा उतार एका माणसाला ऐकू येत नव्हतं म्हणून आला होता. आलेखात तो बचत म्हणूनच दिसत होता. आता टिचकीखोलीत दोन मुली आळीपाळीने बसतात, आणि रोज सकाळी त्यांच्यापुढे मुद्दाम ठेवलेलं एक बद्द छप्पर चांगल्यांत मिसळून येतं.

मामांना कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला मामी आणि मी दोघेही गेलो. काचेच्या छोट्या खोलीत त्यांना बसवलं, डोक्याला यंत्र लावलं, आवाज आला की हातातलं बटण दाबायला सांगितलं. काचेतून आम्हाला ते दिसत होते. ताठ बसलेले, मान एका बाजूला. बटणावरचा अंगठा तसाच होता. बाहेरच्या पडद्यावर आवाज जात असल्याची खूण एकामागून एक लागत होती, आणि तो अंगठा हलत नव्हता. मामी काचेपासून तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी विचारलं, "हातोडीचं काम किती वर्षं केलंत?"

"मिसरूड फुटलं तेव्हापासून."

"कान तेव्हाच दुखावले होते. पुढे वयाने हळूहळू उतरत गेले."

"आणि मी कापूस घालत होतो तो?"

"कापसाने फारसं काही थांबत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि जे जायचं ते तुम्ही कापूस घालू लागायच्या आधीच गेलं होतं."

मामांनी खिशातली गोल डबी काढली, झाकण उघडून आत पाहिलं आणि पुन्हा खिशात ठेवली.

कानातलं यंत्र घेतलं. ते लावून मामांनी पहिल्याच दिवशी दोन्ही कप वाजवून पाहिले. "सगळंच खणखणीत," ते मला म्हणाले. "हिचा आवाज खणखणीत, पंखा खणखणीत, तडकलेला कप त्याहून खणखणीत. हे यंत्र लावून मी छपरं तपासली तर भंगारवाला उपाशी मरेल."

मग ते कारखान्यात आले. मीच त्यांना मॅडमच्या केबिनमध्ये घेऊन गेलो. अंगावर तोच निळा एप्रन होता आणि छातीवर ‘ब’ होता. खडू एवढे दिवस टिकत नाही. त्यांनी तो घरी पुन्हा गिरवला असणार. मामींनी एप्रन धुवायला मागितला तर ते देत नव्हते, हे मला नंतर कळलं.

मामांनी डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवला. यंत्र कानात नव्हतं.

"मशीनची तपासणी झाली मॅडम," ते म्हणाले. "दोष सगळीकडे आहे. आता गोल करा."

खडूही त्यांनीच टेबलावर ठेवला.

मॅडमनी कागद वाचला. मला त्यांचा हात दिसत होता, तो खडूवर जाऊन थांबला. गोल झाला की ती वस्तू कुठे जाते, हे त्या केबिनमधल्या तिघांनाही माहीत होतं. मामा भिंतीकडे बघत उभे होते, त्या रविवारी खुर्चीत बसले होते तसेच ताठ. मॅडम टेबलाला वळसा घालून त्यांच्यासमोर आल्या. मान खाली घालून काहीतरी बोलल्या. मला ते ऐकू आलं, "तुम्हीच ट्रक थांबवला, मामा," असं. मामांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं, ओठही दिसत नव्हते. त्यांना फक्त छातीवर खडू टेकलेला जाणवला असेल.

ते डोळे मिटून उभे राहिले.

खडू लगेच उचलला गेला. गोलाला त्याहून जास्त वेळ लागतो. मामांनी डोळे उघडले, हनुवटी छातीला टेकवून खाली पाहिलं, तरी उलटं दिसत होतं म्हणून बोटाने चाचपलं. ‘ब’च्या खाली, डावीकडून उजवीकडे, बोट पांढरं होत गेलं.

"रेघ?" ते म्हणाले.

मॅडमनी मान डोलावली.

"म्हणजे कापून वापरणार मला." त्यांच्या आवाजात गॅरेजमधला जुना मिश्कीलपणा होता. "कुठला भाग कापायचा, तेवढं आधी सांगा."

मॅडमनी आपल्या कानाला हात लावला. मग खिडकीतून कापायच्या टेबलाकडे बोट दाखवलं. रेघवाली छपरं तिथे येतात, कुठपर्यंत धरलंय आणि कुठून सुटलंय ते हाताने चाचपून माणसं तिथे खुणा करतात, आणि चांगला तेवढा भाग कापून घेतात.

मामा खिडकीशी गेले. तिकडची माणसं हाताने काय करतात ते पाहिलं. मग वळले आणि मला म्हणाले, "हिशेबराव, ते घड्याळ तुम्ही घेऊन जा. ती भिंतीचं निमित्त करत होती, ते मला आता कळतंय."

"मामींना विचारा आधी," मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन म्हणालो.

"विचारलं," ते म्हणाले. "ती म्हणाली, खुशाल नेऊ द्या, तासातासाला तिला ते ऐकू येतं."